मेंदूचा मुका मार

दोस्तांनो, मुका मार म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नकोच. रक्त नाही, जखम नाही, कातडी साधी खरचटलेलीसुद्धा नाही. पण ठणका असा की विचारू नका! पायाला मुका मार बसला तर निदान दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग उमटतो. तो आईला दाखवता येतो, पीटीच्या सरांना दाखवता येतो. पण हाच मुका मार मेंदूला बसला तर? डाग बघायचा कुठे? आणि डागच नसेल तर 'मला बरं वाटत नाही' या तुमच्या शब्दावर विश्वास तरी कोणी ठेवायचा?

हा प्रश्न नुसता तुमचा-आमचा नाही. मोठमोठे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं त्याच्या मागे लागले आहेत. त्यांनी काय काय युक्त्या काढल्या आणि गाडी कुठे अडली, ते आज बघू या. पण त्याआधी जरा क्रिकेट!

१७ ऑगस्ट २०१९. लंडनमधलं लॉर्ड्सचं मैदान, ॲशेस मालिकेतली दुसरी कसोटी. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर खेळत होता. समोरून धावत येत होता इंग्लंडचा जोफ्रा आर्चर, आयुष्यातली पहिलीच कसोटी खेळणारा. ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाचा चेंडू उसळला आणि स्मिथच्या डाव्या कानाच्या खाली, मानेवर आदळला. स्मिथ आडवा! सगळं मैदान चिडीचूप. थोड्या वेळाने तो उठला, आत गेला. डॉक्टरांनी ठरलेल्या तपासण्या घेतल्या, त्यांत तो पास झाला. पुढचा गडी बाद होताच पठ्ठ्या पुन्हा मैदानात हजर, आणि ९२ धावा करूनच परतला.

सगळ्यांना वाटलं, वाचला बुवा! पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं दुखू लागलं, गुंगी आल्यासारखं वाटू लागलं. मग मात्र त्याला सामन्यातून बाहेर काढलं गेलं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन फलंदाजीला आला आणि त्याने ५९ धावा केल्या. कसोटीच्या इतिहासातला हा पहिला 'कन्कशन सब्स्टिट्यूट', म्हणजे मेंदूला हिसका बसलेल्या खेळाडूच्या जागी उतरलेला बदली खेळाडू. हा नियम त्याच महिन्याच्या १ तारखेपासून लागू झाला होता!

आता यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, चेंडू कवटीवर आदळला नव्हता, मानेवर आदळला होता. दुसरी, त्रास ठळकपणे जाणवला तो दुसऱ्या दिवशी. असं का व्हावं?

खरवसाची वडी

आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. तो कवटीच्या पेटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या एका द्रवात तरंगत असतो. आणि तो असतो कसा? आपल्याला वाटतं रबरी चेंडूसारखा. छे! जिवंत मेंदू खूप मऊ असतो, जवळजवळ खरवसासारखा.

आता समजा, वाटीभर खरवस तुम्ही झाकण लावून धरला आहे. ती वाटी सरळ पुढे ढकलली तर खरवसाचं फारसं बिघडत नाही. पण गर्रकन फिरवून एकदम थांबवली तर? वाटी थांबते, खरवस मात्र आतल्या आत पिळवटतो. वरून बघाल तर अगदी अखंड. आत मात्र बारीक बारीक चिरा. ऑक्सफर्डच्या होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४३ साली जवळपास हेच करून दाखवलं होतं. खरवस नव्हे, जिलेटिन वापरून. मेंदूच्या आकाराचे जिलेटिनचे नमुने करून त्यांनी सांगितलं, की डोक्याला बसणाऱ्या सरळ धक्क्यापेक्षा गरकन फिरवणारा हिसका मेंदूला जास्त ताणतो.

म्हणजे मार डोक्यालाच लागायला हवा असं नाही. मानेला, खांद्याला जोरात धक्का बसून डोकं झटक्याने फिरलं, तरी पुरे. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, म्हणून ते घातलंच पाहिजे. पण आतला खरवस हलायचा तो हलतोच.

आणि ताणलं जातं ते नक्की काय? मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशीतून एक लांब धागा निघतो. एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारी ही तार. तिची जाडी असते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. अशा लक्षावधी तारांच्या जुड्याच्या जुड्या मेंदूत इकडून तिकडे गेलेल्या असतात. जोराचा हिसका बसला की या तारा ताणल्या जातात. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) त्या लगेच तुटत नाहीत. तारेच्या आत रूळांसारख्या बारीक नळ्या असतात, त्या आधी मोडतात. मग रूळ उखडल्यावर मालगाड्या जशा मध्येच अडकून पडतात, तसा तारेतला माल एका जागी साचतो आणि तार तिथे फुगते. हे सगळं घडायला कित्येक तास लागतात, कधी दिवसही जातो. शिवाय पेशींमधल्या क्षारांची उलथापालथ होते. ती निस्तरायला मेंदूला जास्त साखर हवी असते, आणि नेमका त्याच वेळी त्याच्याकडे येणारा रक्तपुरवठा मंदावतो. घरात पाहुणे वाढावेत आणि गॅस संपावा, तसं!

फोटो निघाला, पण दिसलं काय?

डोक्याला लागलं की मोठी माणसं पहिल्यांदा काय म्हणतात? 'एक एक्स-रे काढून घेऊ.' एक्स-रेचा शोध १८९५ साली राँटगेन यांनी लावला. त्यात हाड छान दिसतं, पण मेंदू? तो दिसतच नाही. मेंदूचं चित्र खऱ्या अर्थाने दिसू लागलं १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरने लंडनच्या एका रुग्णालयात सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचं चित्र घेतलं. हाउन्सफील्ड ज्या कंपनीत होते ती ईएमआय, म्हणजे बीटल्सची गाणी काढणारी कंपनी, बरं का! १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

सीटी स्कॅनने किती जीव वाचवले त्याला गणती नाही. कवटीला तडा गेला आहे का, आत रक्तस्राव होतोय का, हे तो काही मिनिटांत सांगतो. पण त्याला दिसणारा बारकातला बारका ठिपकासुद्धा आपल्या त्या तारेच्या शेकडो पट जाड असतो. ताणलेली तार त्याला कशी दिसावी? म्हणून मेंदूला हलका हिसका बसलेल्या बहुतेकांचा सीटी स्कॅन 'नॉर्मल' येतो.

आणि इथेच घोटाळा होतो. 'नॉर्मल' या शब्दाचा डॉक्टरांच्या लेखी अर्थ असतो, की रक्तस्राव नाही, ऑपरेशनची गरज नाही. घरी मात्र त्याचा अर्थ लावला जातो, की काहीसुद्धा झालेलं नाही, उद्यापासून शाळा आणि परवापासून क्लास! मग पोराचं डोकं दुखतंय, फळ्याकडे बघवत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, जरा गोंगाट झाला की चिडचिड होते. आणि लोक म्हणतात, 'नाटकं करतोय. रिपोर्ट तर नॉर्मल आहे!'

रवींद्र जडेजाच्या बाबतीत काय झालं आठवतंय? ४ डिसेंबर २०२० ला कॅनबेराच्या टी-ट्वेंटी सामन्यात चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला, पण नंतर त्याला गरगरू लागलं. त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि सामनावीरही ठरला. लगेच काहींनी नाकं मुरडली, की हा असा बदली खेळाडू कसा काय? न दिसणाऱ्या दुखण्याचं हे असं असतं. मोठ्या खेळाडूची ही गत, तर सातवीतल्या पोराचं कोण ऐकणार?

शाई आणि वात

आता एक प्रयोग करा. टिपकागदावर शाईचा एक थेंब टाका. तो कसा पसरतो? गोल, सगळीकडे सारखा. आता समईची लांब वात घ्या (आजीला विचारून, नाहीतर ओरडा मिळेल!) आणि तिच्या मधोमध शाईचा थेंब टाका. शाई आता गोल पसरत नाही. ती धाग्यांच्या दिशेने लांब लांब पळते, आडवी मात्र फारशी जात नाही. म्हणजे डोळे मिटून नुसती शाई कशी पसरली एवढंच कोणी सांगितलं, तरी धागे कोणत्या दिशेला आहेत ते तुम्ही ओळखाल. खरं की नाही? आता तीच वात मध्ये थोडी पिंजा आणि पुन्हा थेंब टाका. तिथे शाई बाजूलाही फाकेल. म्हणजे धाग्यांची घडी कुठे विसकटली तेही कळलं!

नेमकी हीच युक्ती शास्त्रज्ञांनी मेंदूवर वापरली. शाई घालायची गरज नाही, कारण मेंदूत पाणी भरपूर असतंच. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात. एमआरआय नावाचं यंत्र ते हलणं टिपू शकतं. हे यंत्र म्हणजे एक भलामोठा चुंबक. रुग्णालयातल्या ताकदवान यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास हजार पटींहून जास्त असतं. म्हणून तर खिशातली नाणी, किल्ल्या, घड्याळ सगळं बाहेर ठेवायला सांगतात. एक्स-रेचे किरण मात्र यात नसतात. हे यंत्र ज्यांच्यामुळे शक्य झालं त्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. पाण्याच्या हालचालीवरून मेंदूतल्या तारांची दिशा ओळखण्याची पद्धत पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडली. तिचं नाव डिफ्युजन टेन्सर इमेजिंग. आपण सोयीसाठी 'डीटीआय' म्हणू.

डीटीआय प्रत्येक ठिकाणी ० ते १ मधला एक आकडा देतं. पाणी टिपकागदासारखं चौफेर पसरत असेल तर शून्याजवळ, वातीसारखं एकाच दिशेने पळत असेल तर एकाजवळ. जिथे तारांची जुडी विसकटली, तिथे हा आकडा बदलतो.

मग हे हत्यार वापरून बघितलं कुणावर? इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत बॉम्बस्फोटांच्या दणक्याने हजारो अमेरिकी सैनिकांच्या मेंदूला हिसके बसले होते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी (हे विद्यापीठ सेंट लुईस शहरात आहे, वॉशिंग्टनमध्ये नाही!) अशा ६३ सैनिकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. या ६३ पैकी एकाच्याही सीटी स्कॅनमध्ये मेंदूला इजा दिसली नव्हती. पण डीटीआय केल्यावर १८ जणांच्या मेंदूत, निव्वळ योगायोगाने दिसेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बिघाड आढळला. न दिसणारं दिसलं!

सैनिकच कशाला, साध्या अपघातांचंही तेच. अमेरिकेतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मेंदूला हलका हिसका बसून आलेल्या आणि सीटी स्कॅन अगदी स्वच्छ असलेल्या रुग्णांचा साधारण दोन आठवड्यांच्या आत एमआरआय काढला. त्यांतल्या २७ टक्के लोकांच्या मेंदूत काही ना काही इजा दिसली. एमआरआयचा एक प्रकार तर रक्तातल्या लोहावरून सुईच्या टोकाएवढे रक्तस्रावसुद्धा काळ्या ठिपक्यांसारखे दाखवतो.

आणखी एक प्रकार मेंदू काम करत असताना त्याचा रक्तपुरवठा कुठे वाढतो ते दाखवतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी मार लागून महिना झालेल्या १२ जणांना त्या यंत्रात ऐकलेल्या गोष्टी लक्षात ठेवायला लावल्या. त्यांची उत्तरं धडधाकट लोकांइतकीच बरोबर आली! पण काम अवघड झालं तेव्हा त्यांच्या मेंदूची पळापळ धडधाकट लोकांपेक्षा वेगळी दिसली. मला तरी हा सगळ्यांत बोलका प्रयोग वाटतो. लंगडत का होईना, शर्यत पुरी केली म्हणजे पाय ठीक आहे असं थोडंच असतं?

मग प्रत्येकाचं डीटीआय का काढत नाहीत?

चांगला प्रश्न! समजा, तुमच्या शाळेतल्या सातवी 'अ' ची सरासरी उंची सातवी 'ब' पेक्षा दोन सेंटिमीटरने जास्त आहे. ती पट्टीने मोजून सिद्ध झाली. आता मैदानावर एकच मुलगा उभा आहे. नुसत्या उंचीवरून तो 'अ' मधला की 'ब' मधला हे सांगा बघू! नाही ना सांगता येत? दोन्ही वर्गांत उंच आहेत, दोन्हींत बुटके आहेत.

डीटीआयचं घोडं इथेच अडलंय. मार लागलेल्या शंभर जणांचा गट आणि न लागलेल्या शंभर जणांचा गट यांच्यातला फरक ते दाखवतं. पण दवाखान्यात समोर बसलेल्या एका मुलीच्या मेंदूतला आकडा थोडा कमी आला, तर तो मार लागल्यामुळे की तिचा मेंदू जन्मापासूनच तसा, हे कळणार कसं? मार लागण्याआधी तिचा स्कॅन कोणी काढून ठेवला होता? त्यातून दोन रुग्णालयांतली दोन यंत्रं एकाच मेंदूचे थोडे वेगळे आकडे देतात. आणखी पंचाईत म्हणजे मार लागल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत तो आकडा काही अभ्यासांत कमी झालेला दिसला, तर काहींत चक्क वाढलेला! शिवाय डीटीआयचा एक ठिपका असतो साधारण दोन मिलिमीटरचा. त्यात लाखो तारा मावतात, आणि यंत्र सांगतं ती त्या सगळ्यांची सरासरी.

म्हणूनच २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲम्स्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ जमले, तेव्हा त्यांनी या नव्या चित्रपद्धतींना संशोधनासाठी पसंती दिली, पण रोजच्या निदानासाठी अजून नाही. तिथे डॉक्टरांची नजर आणि रुग्णाचं म्हणणं हेच अजूनही मुख्य. रक्ताची एक तपासणीही आली आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये तिला परवानगी मिळाली. पण ती मोठ्या माणसांसाठी, आणि तीही सीटी स्कॅनची गरज आहे का एवढंच ठरवायला.

आता चार शब्द आईबाबांसाठी. पोर पडलं की 'डॉक्टर, स्कॅन काढूनच टाका' असा हट्ट धरू नका. सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेचे किरण वापरतात, आणि वाढत्या वयात ते विनाकारण घेऊ नयेत. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी झाली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी गंभीर म्हणावी अशी इजा निघाली ३७६ जणांना, म्हणजे शंभरात एकालाही नाही. कोणाला स्कॅन लागेल हे तपासून ठरवण्याचे नियम त्यातूनच तयार झाले.

मात्र काही खुणा दिसल्या तर क्षणभरही थांबायचं नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायातली ताकद जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, कानानाकातून पाण्यासारखा द्रव येणं, हाक मारूनही जाग न येणं. टेंगुळावर बर्फ लावत बसण्याची ही वेळ नव्हे. आणि बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हाही गैरसमज. कन्कशन झालेल्या दहातले नऊ जण बेशुद्ध पडतच नाहीत.

घाबरायचं मात्र कारण नाही हं! बहुतेक मुलं काही आठवड्यांत ठणठणीत होतात. कॅनडातल्या नऊ रुग्णालयांमध्ये तीन हजारांवर मुलामुलींवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३० टक्के मुलांचा त्रास चार आठवड्यांनंतरही शिल्लक होता. म्हणजे पन्नास मुलांमागे पंधराएक! ही मुलं नाटकं करत नव्हती. पूर्वी अशा मुलांना अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस झोपवून ठेवायचे. आता तसं करत नाहीत. पहिले एकदोन दिवस आराम, टीव्ही-मोबाईल अगदी कमी, मग हळूहळू फेरफटका, थोडा अभ्यास, अर्धी शाळा, पूर्ण शाळा. मैदान सगळ्यांत शेवटी, आणि तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावर. कारण पहिला हिसका पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर तो फार महागात पडू शकतो.

मग कबड्डीच्या मैदानात किंवा गोविंदाच्या सरावात कोणी धाडकन आपटला, तर तिथल्या तिथे बघायचं काय? डेव्हिड मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्यांवर प्रयोग करून १९९५ साली एक साधी गोष्ट दाखवली. 'तुझं नाव काय, आज वार कोणता' या प्रश्नांची उत्तरं मेंदूला हिसका बसलेला खेळाडूही पटापट देतो. तो गडबडतो ते ताज्या आठवणीत. आत्ता कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गुण कोणी मिळवला? मागचा सामना कोणाशी झाला? आपण जिंकलो की हरलो? आजचे डॉक्टर मैदानावर हेच प्रश्न विचारतात, आणि जोडीला महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावतात: डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... उत्तर चुकलं तर खेळ तिथेच बंद. सगळी उत्तरं बरोबर आली, तरी कुठे दुखतंय-गरगरतंय म्हणाला तर तेव्हाही बंद. स्मिथसारखा दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, तरीसुद्धा.